अमेरिकेतली 'सेक्स ऑफेंडर' यादी : दोन सज्ञान माणसांचा मामला तिच्यात गेलाच कसा?

गंगापूररोड

नमस्कार मंडळी. इथे वकील आहेत, अमेरिकेत राहणारेही बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, ओरडू नका.

झालं असं की परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, की अमेरिकेत बघा कसं, लैंगिक गुन्हेगारांची यादी सरकारच नेटवर टाकतं, फोटो, पत्ता सगळं, आपल्या घराच्या आसपास कोण राहतं ते नकाशावर ठिपक्यांनी दिसतं, आणि आपल्याकडे मात्र गुन्हेगाराची प्रायव्हसी जपत बसतात. मला पटलं. दोन मुली आहेत मला, न पटायला काय झालं. तोच फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला तर सिएटलचा मावसभाऊ म्हणाला, दादा त्या यादीत कोण कोण होतं ते आधी बघ, दुसऱ्या सज्ञान माणसाबरोबर दोघांच्या मर्जीनं झोपले एवढाच ज्यांचा गुन्हा, तेही बलात्काऱ्यांच्या रांगेत उभे होते. मी म्हटलं काहीतरीच. तो म्हणाला शोध. शोधलं तर सगळे इंग्रजी निकाल, वाचता वाचता रात्रीचे दोन वाजले आणि डोक्याचा भुगा.

तर साध्या भाषेत सांगेल का कोणी? तक्रार करणारंच कोणी नाही, दोघं सज्ञान, दोघांची हो, मग माणूस यादीत जातो कसा? आणि समजा पुढे तो कायदाच गेला, तर नाव आपोआप निघतं ना? आपल्याकडेही २०१८ पासून काहीतरी यादी आहे म्हणतात, तिचं काय?

राजकारण नको प्लीज.

मिसिसिपीकाठी

तुमचा मावसभाऊ बरोबर बोलतोय. मी कायद्याचा माणूस नाही पण हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितो.

मी २००९ ते २०१२ न्यू ऑर्लिन्सला होतो, शिकायला. संध्याकाळी एका ओळखीच्या गुजराती काकांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचो. तिथे बियर सिगारेट घ्यायला कोणी आलं की लायसन्स बघायचं, म्हातारा असला तरी बघायचं असा काकांचा दंडक. एक बाई यायच्या, पन्नाशीच्या, काळ्या, गुडघे दुखायचे त्यांचे, दारातून आत येतानाच हुश्श करायच्या. माझ्याशी छान बोलायच्या, सिगारेट मात्र कधी घ्यायच्या नाहीत. एक दिवस घेतली. मी सवयीनं लायसन्स मागितलं. त्यांनी ते पर्समधून काढलं ते असं, की अंगठा फोटोच्या खाली दाबून धरलेला. मला तारीख दिसेना म्हणून म्हटलं जरा हात काढा. काढला. खाली नारिंगी रंगात मोठ्या अक्षरांत छापलेलं, सेक्स ऑफेंडर.

मी काय केलं सांगू का, मी पाकीट दिलं, सुटे दिले आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं बंद केलं. वाटलं लहान पोराला काहीतरी केलं असणार, दुसरं काय. त्या पण समजल्या असाव्यात, नंतर आल्याच नाहीत. पुढे २०१२ च्या मार्चमध्ये कोर्टाचा निकाल आला, पेपरात मोठं छापून आलं, तेव्हा कळलं भानगड काय होती. त्या बाईंचं नक्की काय होतं ते मला माहीत नाही, विचारायला तोंड नव्हतं.

भानगड अशी. लुइझियानात १८०५ पासून 'निसर्गाविरुद्धचा गुन्हा' म्हणून कलम आहे, आपल्या दंडसंहितेतल्या जुन्या ३७७ कलमाचा भाऊच. १९८२ ला त्याला एक शेपूट जोडलं, की पैसे घेऊन मुखमैथुन किंवा गुदमैथुन करायची नुसती तयारी दाखवली तरी गुन्हा. आता गंमत बघा, वेश्याव्यवसायाचं कलम वेगळं होतंच आणि त्यातही हे सगळं बसत होतं. त्या कलमाखाली पकडलं तर किरकोळ गुन्हा, यादी बिदी काही नाही. पण त्याच रस्त्यावर त्याच बाईला त्याच बोलण्याबद्दल पोलिसानं 'निसर्गाविरुद्ध' लावलं तर मोठा गुन्हा, वर सेक्स ऑफेंडर म्हणून १५ वर्षं नोंदणी, दुसऱ्यांदा झालं तर जन्मभर. कुठलं लावायचं ते पोलीस आणि सरकारी वकील ठरवणार. आणि लागायचं कोणाला? बहुतेक गरीब काळ्या बायका, ट्रान्स बायका, गे पोरं. न्यू ऑर्लिन्सच्या यादीतली सुमारे ४० टक्के नावं निव्वळ या एका कलमाची होती असं त्यांच्या बाजूच्या वकिलांनी मांडलं होतं.

नोंदणी म्हणजे नुसतं नाव नाही हं. शेजाऱ्यांना आपल्या फोटोपत्त्यानिशी कार्डं पाठवायची, स्वतःच्या पैशानं. पेपरात जाहिरात द्यायची, तीही स्वतःच्या पैशानं. वादळ आलं तर सगळ्यांच्या निवाऱ्यात जाता यायचं नाही. लायसन्सवरची नारिंगी अक्षरं तर सांगितलीच. नोकरी कोण देणार?

२०११ ला विधिमंडळानं कायदा सुधारला, यापुढे पकडलेल्यांना यादी नाही. पण आधीचे? ते तसेच. म्हणजे ऑगस्ट २०११ नंतर सापडलेली बाई मोकळी आणि त्याच्या दोनतीन वर्षं आधी सापडलेली १५ वर्षं कार्डं वाटत बसणार. म्हणून नऊ जणांनी नाव न सांगता केस केली, जज फेल्डमन यांनी २९ मार्च २०१२ ला निकाल दिला की एकाच कृत्याला दोन न्याय हे समानतेत बसत नाही. तरी सुटले फक्त ते नऊ. बाकीच्यांसाठी परत वेगळी केस घालावी लागली, २०१३ ला तडजोड झाली तेव्हा सुमारे ७०० नावं निघाली.

त्या बायकांबरोबर काम करणारी 'विमेन विथ अ व्हिजन' नावाची संस्था होती, या लढ्यात पुढे होती. निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, मे २०१२ मध्ये, तिचं ऑफिस कोणीतरी पेटवून दिलं. मी तेव्हा सामान बांधत होतो.

ठाकुर्लीकर

मिसिसिपीकाठी, लिहिलंय मस्त, पण मूळ प्रश्न 'खाजगी' बद्दल होता ना भाऊ. तुमच्या उदाहरणात पैसे आले, रस्ता आला. रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक शोधणं खाजगी कुठून झालं? शिक्षा कमी जास्त असेल, तो भाग वेगळा.

आणि स्पष्टच बोलतो, असली चार उदाहरणं दाखवून अख्खी यादी वाईट ठरवायची ही सध्या फॅशन आहे. मुलगी आहे मला, ट्यूशनला जाते, येईपर्यंत जीव टांगणीला. मला नकाशावर ठिपके दिसले तर हवेतच. चार निर्दोष अडकले तर त्यांनी कोर्टात जावं, सुटतीलच की.

मिसिसिपीकाठी

ठाकुर्लीकर, पैशाचा मुद्दा मान्य आहे, ते पूर्ण खाजगी नव्हतं. पण मग वेश्याव्यवसायाची शिक्षा द्या ना. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्याचा शिक्का कशाला?

'कोर्टात जावं' हे लिहायला सोपं आहे हो, त्या बाईंकडे बसचे पैसे नसायचे.

अॅड_सोलापूरकरीण

ठाकुर्लीकर म्हणतात तसं शंभर टक्के खाजगी उदाहरण हवंय ना, तर ते जगात सगळ्यात गाजलेलं आहे. लॉरेन्स विरुद्ध टेक्सस. १७ सप्टेंबर १९९८, ह्यूस्टन. एका ओळखीच्या माणसानं रागात पोलिसांना खोटा फोन केला की त्या फ्लॅटमध्ये बंदूक घेऊन माणूस धिंगाणा घालतोय. पोलीस घुसले. बंदूक नाही, दोन पुरुष, जॉन लॉरेन्स आणि टायरन गार्नर, लॉरेन्सच्याच घरात. टेक्ससमध्ये तेव्हा 'समलिंगी वर्तन' असा सरळ गुन्हा होता. रात्रभर कोठडी, मग प्रत्येकी २०० डॉलर दंड आणि कोर्टखर्च. आपल्याकडे सिग्नल तोडल्यावर व्हावा तसा प्रकार. तरी ते दंड भरून गप्प बसले नाहीत आणि केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. २६ जून २००३ ला ६ विरुद्ध ३ निकाल, सज्ञान माणसं घरात संमतीनं काय करतात तो सरकारचा विषय नाही. १९८६ चा त्यांचाच उलटा निकाल मोडीत काढला.

आता धाग्याच्या विषयाचं. निकालात जस्टिस केनेडी मुद्दाम लिहितात की २०० डॉलर दंडाचा किरकोळ गुन्हा म्हणून हसू नका, हीच शिक्षा घेऊन हे दोघं आयडाहो, लुइझियाना, मिसिसिपी किंवा साउथ कॅरोलायनात राहायला गेले तर तिथे सेक्स ऑफेंडर म्हणून नोंदवले जातील. चार राज्यं, नावानिशी.

पण माझ्या मते खरी गोम पुढेच आहे, आणि ती अमेरिकन लोकही फारशी बोलत नाहीत. त्याच वर्षी, म्हणजे लॉरेन्सच्या पावणेचार महिने आधी, ५ मार्च २००३ ला, अलास्काच्या यादीवर निकाल लागला होता, स्मिथ विरुद्ध डो. प्रश्न असा की कायदा होण्यापूर्वी गुन्हा केलेल्यालाही यादीत घालता येईल का. शिक्षा मागच्या तारखेनं देता येत नाही हे तर शाळेत शिकवतात. कोर्ट म्हणालं चालेल, कारण यादी ही शिक्षाच नाही, ती नुसती माहिती. निकाल कोणी लिहिला? केनेडींनीच. मार्चमध्ये म्हणाले नोंदणी म्हणजे शिक्षा नव्हे, आणि जूनमध्ये म्हणाले बघा किती मोठा कलंक, नोंदणीसुद्धा करावी लागेल. मी एलएलएमला असताना दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि आमच्या सरांना विचारलं, ते म्हणाले परीक्षेत हे लिहू नकोस.

गंगापूररोड, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. नाव आपोआप निघत नाही. शिक्षा असती तर गुन्हा गेल्यावर तीही जायला हवी असं भांडता आलं असतं. पण यादी म्हणजे 'माहिती', आणि तुम्ही दोषी ठरला होतात ही माहिती तर खरीच आहे, मग काढायची कशाला? कायदा मेला तरी यादी जिवंत. मिसिसिपीत लॉरेन्सनंतर १५ वर्षं उलटली तरी जुन्या 'अनैसर्गिक संभोगा'वाल्यांची नावं होती, २०१६ ला लोकांनी केस केली, २०१८ ला तडजोड होऊन निघाली.

आणि 'कायदा गेला' म्हणजे तरी काय. लुइझियानाचं कलम कोर्टानं निकामी केलेलं, पण पुस्तकात छापलेलं तसंच. बॅटन रूजच्या शेरीफची माणसं २०१३ पर्यंत ते वापरून पुरुषांना सापळा लावून पकडत होती, सरकारी वकील केस चालवायला नकार देत होते तरीही. बोंब झाल्यावर २०१४ ला ते पुस्तकातून काढायचं बिल आलं, सभागृहात ६६ विरुद्ध २७ मतांनी पडलं. काढायचं नाही म्हणाले.

खादीवाला७१

विषय निघालाच आहे तर बायर्ड रस्टिन यांचं नाव कोणीच घेतलं नाही याचं वाईट वाटलं. आमच्या पिढीतल्या गांधीवाल्यांना हा माणूस ठाऊक होता. १९४८ साली, गांधीजी गेल्यानंतर, हिंदुस्थानात येऊन राहून गेला, अहिंसेचं तंत्र इथून शिकून तिकडे नेलं. मार्टिन ल्यूथर किंग यांना अहिंसक लढ्याची घडी बसवून देण्यात त्याचा मोठा वाटा. १९६३ चा तो वॉशिंग्टनचा मोर्चा, अडीच लाख माणूस, बसगाड्यांपासून संडासापर्यंत सगळी आखणी याची.

तर हा माणूस १९५३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना गावी भाषण द्यायला गेला होता, रात्री एका उभ्या गाडीत आणखी दोन पुरुषांबरोबर सापडला. तिघंही सज्ञान, तक्रार कोणाचीच नाही. ६० दिवस तुरुंग आणि सेक्स ऑफेंडर म्हणून नोंद. दहा वर्षांनी मोर्चाच्या ऐन तोंडावर सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सिनेटमध्ये उभं राहून ते प्रकरण काढलं. मोर्चाला अडवायला दुसरं काही सापडेना म्हणून हे. मोर्चा झालाच म्हणा. रस्टिन १९८७ ला गेले आणि कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनी त्यांना माफी दिली २०२० साली.

कॅलिफोर्नियाची यादी ही राज्यपातळीवरची पहिली, १९४७ ची. तेव्हा ती पोलिसांच्या कपाटात असे, लोकांना दिसत नसे. तरी पोलीस कोणाच्या मागे फिरायचे ते उघड आहे.

(टंकायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.)

अॅड_सोलापूरकरीण

खादीवाला काका, दंडवत. मी विसरलेच होते.

काकांच्या मुद्द्याला जोडून. कॅलिफोर्नियानं सज्ञान माणसांचं संमतीचं वर्तन गुन्ह्यातून काढलं १ जानेवारी १९७६ पासून. ते बिल सिनेटमध्ये २०-२० वर अडकलं होतं, लेफ्टनंट गव्हर्नर मर्विन डायमली डेन्व्हरला होते, त्यांना विमानानं परत आणून मत टाकायला लावलं. म्हणजे ७६ ला गुन्हा गेला. मग यादीतली नावं? कपाटात तशीच. पुढे १९९६ ला मेगनच्या कायद्याखाली यादी लोकांना उघडी करायचं ठरलं, जुने कागद झटकायला घेतले आणि राज्यभर म्हाताऱ्यांना पत्रं गेली की या, नोंदणी करा. एक आजोबा नव्वदीचे, १९४४ ला उभ्या गाडीत दुसऱ्या पुरुषाच्या गुडघ्याला हात लावला एवढ्यावर शिक्षा झालेली. पत्र आलं ते बायकोच्या हातात पडलं, पाकिटावर लाल शिक्का, सेक्स क्राइम. या सगळ्याचा बोभाटा झाल्यावर १९९७ ला वेगळा कायदा करून अशा लोकांची नावं काढायची सोय केली. ७६ ला गुन्हा गेला आणि २१ वर्षांनी यादीतून जायची सोय झाली.

एडिसनकाकू

मी न्यू जर्सीत २६ वर्षं आहे. दुसरी बाजू मांडते, रागावू नका.

मेगन कांका ७ वर्षांची होती, हॅमिल्टन टाउनशिपची, आमच्या इथून पाऊण तासावर. जुलै १९९४ ला समोरच्या घरातल्या माणसानं तिला मारलं, आणि त्याला आधी लहान मुलांच्या बाबतीत दोनदा शिक्षा झालेली होती हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या आईच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, मला का नाही सांगितलं. तीन महिन्यांत कायदा झाला. घर घेताना मी आणि आमचे हे दोघंही रात्री बसून तो नकाशा बघत होतो, खोटं कशाला बोलू. शाळा, देऊळ, स्टेशन, मग ठिपके.

पण तेव्हाच मला एक जाणवलं, ठिपका सगळ्यांना सारखाच दिसतो. त्यावर दाबून आतलं कलम वाचणारे किती? मी वाचत होते तर आमचे हे म्हणाले, अगं वाचतेस काय, ठिपका आहे ना, पुढचं घर बघ. ठाकुर्लीकर, म्हणून उलट तुमच्यासारख्यांनीच ओरडायला हवं की नको ती नावं काढा. गव्हातले खडे वेचल्याशिवाय दळण टाकतो का आपण? वीस ठिपक्यांतले पाच असलेच निघाले तर उरलेल्या पंधरांकडे बघायलाही वेळ राहत नाही, पोलिसांना तर नाहीच, तेच दर वर्षी यांचे पत्ते तपासत फिरतात.

(आमच्या न्यू जर्सीत धोका किती त्यानुसार तीन पायऱ्या आहेत, सगळ्यात खालच्या पायरीवरच्यांची नावं नेटवर दिसत नाहीत. हे त्यातल्या त्यात बरं.)

ठाकुर्लीकर

एडिसनकाकू, गव्हाचं पटलं. बाकीचं विचार करतो.

पण मग रेषा कुठे मारायची ते सांगा ना कोणीतरी. उद्या प्रत्येक जण म्हणेल संमती होती. आपल्या कोर्टात रोज म्हणतातच.

अॅड_सोलापूरकरीण

खरा मुद्दा आहे हा. पण गल्लत करू नका. एका बाजूला 'संमती होती' हा बलात्काराच्या आरोपीचा बचाव, तिथे समोर एक बाई उभी असते आणि ती नाही म्हणत असते. दुसऱ्या बाजूला असा गुन्हा की ज्यात संमती असली तरी गुन्हाच, कारण कायद्याला ते कृत्यच नको होतं. आपण बोलतोय ते दुसऱ्याबद्दल. कलम बघितलं तरी फरक कळतो. गुन्हा सिद्ध करायला सरकारला 'संमती नव्हती' किंवा 'वय कमी होतं' हे दाखवावंच लागत नसेल, तर त्या कलमाखालचा माणूस केवळ तेवढ्यावर यादीत नको. अडचण कुठे येते, तर जुन्या काळी बळजबरीचे खटलेसुद्धा याच कलमाखाली चालवलेले असायचे, आपल्याकडच्या ३७७ सारखेच. तिथे जुनी फाइल उघडून बघावं लागतं, दुसरा इलाज नाही, आणि ते काम सरकारनं करायचं, नव्वदीच्या आजोबांनी नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारनं २००६ च्या अॅडम वॉल्श कायद्यात जवळजवळ हेच लिहिलंय. समोरची व्यक्ती सज्ञान आणि संमती असेल तर तो 'सेक्स ऑफेन्स' धरायचा नाही, अपवाद फक्त ती व्यक्ती आरोपीच्या ताब्यात असेल तर, म्हणजे कैदी आणि जेलर वगैरे. अपवाद योग्य आहे, तिथे 'हो' ला अर्थ नसतो. मग घोडं कुठे अडलं? तो कायदा राज्यांना सांगतो की निदान एवढे तरी यादीत घ्या. यापेक्षा जास्त घेऊ नका असं सांगत नाही. तळ आखला, झाकण लावलं नाही. लुइझियाना आणि मिसिसिपी त्या कायद्यानंतरही कित्येक वर्षं तशीच चालली ती त्यामुळे.

आता आपल्याकडचं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं नवतेज जोहर निकालात ३७७ मधून सज्ञान लोकांचं संमतीचं वर्तन काढलं. बरोबर दोन आठवड्यांनी, २० सप्टेंबरला, गृहखात्यानं लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू केला, तेव्हा त्यात ४.४ लाख नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो, छेडछाड असे गुन्हे, आणि बघायला फक्त पोलिसांना, लोकांना नाही. क्रम उलटा असता आणि ३७७ वाले आधी आत गेले असते तर आज आपणही नावं वेचत बसलो असतो. नशीबच म्हणायचं. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ३७७ पूर्णच गेलं, त्यात बळजबरीचा भागही गेला, त्याचं दुखणं वेगळं, त्यावर वेगळा धागा काढा.

आणि आपल्याकडे अशी यादी कधी नव्हतीच असं कोणी समजू नका. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सगळ्यांना पारधी, कैकाडी, भामटा यांच्यामुळे माहीत असतो. त्याचाच दुसरा भाग हिजड्यांबद्दल होता, शब्द तेव्हाचा आहे. सुरुवातीला उत्तरेकडच्या प्रांतांत. सरकारनं रजिस्टर ठेवायचं, त्यात ज्यांच्यावर मुलं पळवल्याचा किंवा ३७७ चा 'संशय' आहे अशांची नावं, पत्ते, मालमत्ता. दोषी ठरलेले नाही हं, संशय. नाव लागलं की बाईचे कपडे घालून रस्त्यात दिसला किंवा नाचला तर दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे ३७७ आणि नोंदणी यांची जोडी अमेरिकेच्या ७६ वर्षं आधी आपल्या घरात होती.

मी सोलापूरची. आमच्याकडे सेटलमेंट हा पत्ता आहे, रिक्षावाल्याला सांगितलं की आणून सोडतो. तारेच्या कुंपणातली वसाहत होती ती, जमातीत जन्मला एवढ्यावर आत. माझ्या एका अशिलाची आई, आता नाहीत त्या, मला सांगायच्या की लहानपणी तिन्हीसांजेला घंटा झाली की आई भाकरी तव्यावर टाकून पळायची, हजेरीला. करपलेल्या भाकरीला त्यांच्या घरात 'हजेरीची भाकरी' म्हणायचे. कायदा मुंबई राज्यात १९४९ ला गेला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला. मग १९५९ ला सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि चोरी झाली की पोलीस आजही आधी कुठल्या वस्तीत जातात ते इथे सांगायला नको.

गंगापूररोड

बापरे. सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. सोलापूरकरीण ताई, एकच शंका. डेटाबेस आज फक्त पोलिसांना दिसतो, पण उद्या सरकारनं ठरवलं की उघडा करायचा, तर त्याला काही आडकाठी आहे का? कॅलिफोर्नियाचं तेच झालं ना, आधी कपाटात आणि मग नेटवर.

अॅड_सोलापूरकरीण

तेच तर. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे, त्यामुळे उघडा करायचा तर धड कायदा करावा लागेल, नुसता शासननिर्णय काढून भागणार नाही असं माझं मत. आणि कायदा झालाच तर पहिल्या पानावर लिहून घ्या, कुठली कलमं यादीत येणारच नाहीत आणि गुन्हा रद्द झाला तर नाव किती दिवसांत कोण काढणार. अर्ज माणसानं करायचा की खात्यानं स्वतःहून काढायचं, एवढ्या एका ओळीवर लुइझियानात ७०० लोकांची वर्षं गेली.

मिसिसिपीकाठी

थोडं अवांतर. काल रात्री हा धागा वाचून त्या दुकानवाल्या काकांना फोन केला, ते आता ह्यूस्टनला मुलाकडे असतात. त्यांना त्या बाई आठवत होत्या. म्हणाले २०१३ नंतर एकदा येऊन गेल्या, नवीन लायसन्स काउंटरवर ठेवलं, घ्यायचं काहीच नव्हतं त्यांना, नुसतं दाखवायला आल्या होत्या. काकांनी कोक दिला म्हणे फुकट. हे त्यांनी मला तेव्हाच का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले, तू विचारलंस कधी?

गंगापूररोड

मिसिसिपीकाठी, वाचून गप्प बसलो.

अपडेट : या धाग्यातलं थोडं थोडं जोडून सोसायटीच्या ग्रुपवर मोठा मेसेज टाकला, की यादी हवी पण आधी कोण नको ते ठरवा. दोन अंगठे आले, एकानं 'तुम्ही त्यांच्या बाजूचे का' असं विचारलं, त्याला मी उत्तर लिहितोय तोवर सेक्रेटरींनी बी विंगच्या पार्किंगचा विषय काढला आणि सगळे तिकडे पळाले.